खाचेला हात लावायचा नाही

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ऑर्फा टिलमन अजून जिवंत आहे, चांगली ठणठणीत आहे, तेव्हा मी बोललो तर कुणाची हरकत नसावी. मला ती बाई आवडत नाही आणि तिला मी आवडत नाही. कॉब क्रीकमध्ये हे कुत्र्यामांजरांनासुद्धा माहीत आहे.

वय एक्याऐंशी. उंची जेमतेम पाच फूट, अंगात नवऱ्याचा जुना कोट. नवरा ओथा चाळीस वर्षांपूर्वी नदीच्या पुरात गेला, कोट तेवढा खुंटीवर राहिला. मूलबाळ नाही. अंगणात गिनी कोंबड्या पाळल्यात, त्याही मालकिणीच्या वळणावर गेलेल्या, फाटकाशी कुणी उभं राहिलं की नुसता कलकलाट. संध्याकाळी ताकात मक्याचा पाव कुस्करून खाते आणि आठ वाजता दिवा मालवते. चर्चला जाणं सोडलं त्याला जमाना झाला. पाद्र्याने एकदा प्रवचनात तिच्याकडे बघत सांगितलं की बायकांच्या जिभेवर साखर असावी. ही बाकावरून उठली, म्हणाली, "साखर मी दुकानातून आणते," आणि चालती झाली. ती परत काही त्या दारात गेली नाही.

माझं नाव डॉइल स्टॅन्सिल. बाविसाव्या वर्षी मी गावातल्या बुटांच्या कारखान्यात तळ कापायला लागलो. ऑर्फा ओळीच्या शेवटी तपासणीला बसायची. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एक बूट खोक्यात पडत नसे. माझ्या दुसऱ्याच आठवड्यात ती एक तळ हातात घेऊन थेट माझ्या यंत्रापाशी आली.

"हा कुणी कापला?"

"मी, बाई."

"कशाने कापलास? दातांनी?"

सगळी ओळ हसली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलो असतो. पण तिने तो तळ दाराजवळच्या फळीवर खिळ्याने ठोकला आणि खाली खडूने माझं नाव लिहिलं. आठ दिवस तो तिथे होता. मी जिच्याशी लग्न करणार होतो ती ल्युसील खोकी भरायच्या खोलीत कामाला होती, ती रोज चार वेळा त्या दारातून जायची. लग्न झालं आमचं, चांगलं पस्तीस वर्षं टिकलं, पण भांडण झालं की ल्युसीलला तो तळ हमखास आठवायचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग? हो, एवढा राग. माझा आहे, मी पोसलाय.

पुढे कारखाना बंद पडला आणि गावातल्या पुरुषांना करायला काही उरलं नाही. काहींनी बाटली जवळ केली, काहींनी मासेमारी. आम्ही काहीजणांनी ओढ्याकाठच्या कुरणात नेमबाजीचा क्लब काढला. बंदुका मात्र पणजोबांच्या काळच्या पद्धतीच्या, ठासणीची रिव्हॉल्वरं. चक्राला सहा घरं. प्रत्येक घरात मोजून दारू घालायची, वरून शिशाची गोळी ठासायची, मागच्या चोचीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार. सहापैकी पाचच घरं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, हे आमच्याकडे पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. मी पहिल्या दिवसापासून या क्लबचा अध्यक्ष. होबर्ट पेटस हा सचिव. होबर्ट म्हणजे भला माणूस, पण कुठेही बसवा, कुंपणावरच बसणार.

ही रिव्हॉल्वरं नवी बनून यायची इटलीहून. बाहेरून बघाल तर नवरीसारखी, पितळ चमकतंय, लाकूड चमकतंय. आत उघडून बघा, वरून कीर्तन आतून तमाशा. प्रत्येक तुकड्याला लोखंडाची कुसळं, कानशीचे ओरखडे तसेच, आणि वर मेणासारखं घट्ट ग्रीस चोपडलेलं. तशीच चालवली तर चक्र अडखळतं, फुटलेल्या टोप्या घोड्याच्या पुढ्यात अडकतात, आणि चाप इतका जड की दोन बोटं लावावीत. म्हणून पहिला बार काढायच्या आधी नवं रिव्हॉल्वर सुटं करून गुळगुळीत करावं लागतं. आणि हे काम आख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला येत होतं. कुणाला, ते सांगायला नकोच.

तिचा बाप लोहार होता, घड्याळंही दुरुस्त करायचा, बंदुकाही. बापाकडून हात आला आणि कारखान्यात नजर आली. कारखान्याचा लिलाव झाला तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. हिने तपासणीचं टेबल नेलं. तेच टेबल तिने आमच्या मैदानावरच्या शेडमध्ये आणून मांडलं. त्याला लोखंड आवळून धरायचा एक व्हाइस, वर एक मोठा हातोडा, कानशी, तेलाचे दगड, आणि कोपऱ्यात खडू. शनिवारी सकाळी सातला ती तिथे बसलेली असायची. घर होतं तिला, पण घरात तिच्याशी बोलायला कोंबड्याच. माणसं तिच्यासमोर येऊन टोपी काढून उभी राहायची ती या टेबलापाशी. ते टेबल काढून घेतलं तर तिच्याकडे काय उरणार, हे मला तेव्हाही समजत होतं. नीट समजत होतं.

तिचं काम मी बघितलंय, नाही कशाला म्हणू. होबर्टचं नवं रिव्हॉल्वर आलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. आधी सगळे तुकडे सुटे करून रॉकेलच्या डब्यात. दोन तास बोलली नाही. मग एकेक तुकडा पुसून मेणबत्तीच्या काजळीवर धरला, काळा केला, परत जोडला, घोडा पाच वेळा ओढला आणि परत सुटा केला. जिथे काजळी पुसली गेली तिथे लोखंड लोखंडाला घासतंय. मग फक्त तिथेच दगड. आणि दगडाचे हात मोजून, मोठ्याने. "एक. दोन. तीन. बस." परत काजळी, परत जोडणी. असं आठ शनिवार. होबर्ट तिसऱ्या शनिवारीच कंटाळला.

"ऑर्फाबाई, जरा भरभर घासलं तर नाही का चालणार?"

"चालेल की. घासलेलं परत चिकटवायला तू येणार असशील तर भरभर घासते."

चाप हलका करायचा तर ती घोड्यामागची कमान, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, पातळ करायची, केसाकेसाने. आतली कड मोडायची, टोप्यांच्या चोची बदलायची, घरांच्या तोंडाला हलका उतार द्यायची म्हणजे गोळी सरळ बसते. पण घोड्याच्या खाचांना ती कधी शिवली नाही. घोड्याला दोन खाचा असतात. एक पूर्ण ओढल्यावरची. दुसरी अर्ध्यावरची, घोडा त्या खाचेत अडकवून ठेवला की चक्र मोकळं फिरतं आणि घरं भरता येतात. भरणाऱ्याचे हात त्या वेळी बंदुकीच्या तोंडाशी असतात, हे लक्षात घ्या. त्या खाचांच्या लोखंडाला पाणी दिलेलं असतं, पण ते पाणी म्हणजे वरची साल, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. साल गेली की खाली मऊ लोखंड. दगड मारला की खाच अगदी लोण्यासारखी होते, चाप फुलासारखा हलका होतो, माणूस खूश होतो. पाचपन्नास बार छान निघतात. मग एके दिवशी मऊ लोखंड झिजतं आणि घोडा आपणहून सुटतो.

"खाचेला हात लावायचा नाही," ती प्रत्येकाला सांगायची. "बाकी हवी ती माती खा."

आणि शेवटी तपासणी. घोडा अर्ध्यावर ओढून चापाला बुटाचा लोखंडी फर्मा टांगायची, वरून अंगठ्याने घोडा रेटायची. धरला तर मुठीवर खडूची रेघ. नियमाच्या वहीत हे कुठेही नव्हतं, पण रेघ नसलेलं नवं रिव्हॉल्वर आमच्या मैदानावर कुणी झाडलं नाही. मी अध्यक्ष होतो आणि परवानगी तिच्या खडूची होती. सलत होतं मला ते.

ल्युसील वारली त्यानंतर दोन वर्षांनी माझी मुलगी जनेल शहरातला संसार मोडून घरी आली. अठ्ठावीस वर्षांची, दिवसभर खिडकीत बसून राहायची. विचारलं तर "काही नाही, डॅडी." मग एका शनिवारी माझ्याबरोबर मैदानावर आली, माझं रिव्हॉल्वर झाडलं, आणि धुरातून खोकत, हसत बाहेर आली. मी तिला कितीतरी महिन्यांनी हसताना बघत होतो. त्याच संध्याकाळी मी तिच्यासाठी नवं मागवलं.

आता ते ऑर्फाकडे न्यायचं? टोपी काढून उभं राहायचं आणि आठ शनिवार टोमणे खायचे? माझ्या मुलीची बंदूक मीच तयार करणार, म्हटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन रविवार बसलो. आणि खोटं सांगत नाही, काम सुरेख झालं. रॉकेल, काजळी, मोजून दगड, सगळं तिचंच बघून उचललेलं. चक्र असं फिरायला लागलं की ऐकत बसावं. पण चाप जडच. जनेलचं बोट थरथरायचं.

"डॅडी, मला नाही ओढवत."

"आजचा दिवस दे मला."

कमान पातळ करायला धीर लागतो, आणि कमान तुटली तर नवी यायला महिना. क्लबची स्पर्धा सहा दिवसांवर. मी दगड उचलला आणि खाचेला लावला. म्हटलं, चार हात. चाराचे चाळीस झाले. मग अर्ध्याच्या खाचेलाही हातासरशी मारले, एवीतेवी सुटं केलंच आहे तर. चाप असा हलका झाला म्हणता! जनेलने ओढून बघितला आणि माझ्या गालाची पापी घेतली.

शनिवारी आम्ही टेबलापाशी गेलो. ऑर्फाने रिव्हॉल्वर उचललं, चक्र फिरवलं, घोडा ओढला, सोडला. परत ओढला.

"कुणी केलं हे?"

"मी," मी म्हटलं. "दातांनी."

मागे दोघंतिघं खुदकन हसले. ती नाही हसली.

"बरं केलंयस," ती म्हणाली. अडतीस-एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.  मग तिने रिव्हॉल्वर कानाजवळ नेऊन घोडा पुन्हा ओढला. "खाचेला दगड लावलास?"

"नाही."

"डॉइल."

"नाही म्हटलं ना, बाई. एकदा सांगितलेलं समजत नाही?"

तिने फर्मा टांगला. घोड्याने धरला. अंगठ्याने रेटला. धरला. दहा वेळा रेटला, दहाही वेळा धरला. मी हात पुढे केला, म्हटलं, मारा रेघ.

"नाही मारत."

"का? तुमच्याच तपासणीत पास झालं ते!"

"झालं. पण आवाज मेलाय. कडक लोखंड टक् बोलतं, हे कण्हतंय."

"ऐकलंत?" मी सगळ्यांकडे वळलो. "आता बंदुका कण्हायला लागल्या! हिला माझं काम चांगलं झालेलं बघवत नाही, दुसरं काही नाही. पोट दुखतंय बाईचं!"

"माझं पोट छान आहे. तुझी जीभ खोटी आहे. घोडा नवा घालून आण, मी त्याच दिवशी रेघ मारते."

जनेल माझ्याशेजारी उभी होती. तिचा चेहरा पडला, तोच खिडकीतला चेहरा परत आला. माझं डोकं फिरलं. मी टेबलावरचा खडू उचलला आणि मुठीवर माझ्या हाताने रेघ मारली.  होबर्ट बुटाकडे बघत राहिला.

"जा, पोरी," मी म्हटलं. "तुझी पाळी आहे."

जनेलने पाच बार काढले. पाचही पत्र्यावर टण् टण् वाजले, टाळ्या पडल्या. मी ऑर्फाकडे बघून टोपीला हात लावला, मुद्दाम. जनेलने फुटलेल्या टोप्या झटकल्या, घोडा अर्ध्यावर लावला आणि दुसऱ्यांदा भरायला घेतलं. तिला रिव्हॉल्वर जड व्हायचं, म्हणून ती नळीचं तोंड डाव्या मुठीत धरून आधार द्यायची. मी तिला शंभरदा सांगितलं होतं, असं धरू नकोस. पण त्या दिवशी मी टाळ्या घेण्यात गुंग होतो.

तेवढ्यात ऑर्फा नेमबाजांच्या मागे ताणलेला दोर ओलांडून गेली. आमच्याकडे नेमबाज उभे असताना दोर ओलांडणं म्हणजे देवळात थुंकणं. लोक ओरडले. ती तेव्हा बहात्तर वर्षांची असलेली बाई सरळ चालत गेली, जनेलच्या हातातून रिकामं रिव्हॉल्वर हिसकावलं, शेडमध्ये येऊन व्हाइसमध्ये आवळलं आणि घोड्याच्या शेपटीवर मोठा हातोडा घातला. एक. दोन. तिसऱ्याला अंगठा ठेवायची शेपटी तुटून उडाली.

"थेरडे!" जनेल किंचाळली. "माझी होती ती! माझ्या डॅडींनी केलेली होती!"

"म्हणूनच," ऑर्फा म्हणाली. "आता कुणीही घोडा ओढून दाखवावा."

मी तिला काय काय बोललो ते इथे सांगत नाही. बायकामाणसं वाचतात.

गुरुवारी संध्याकाळी अग्निशामक बंबाच्या खोलीत क्लबची बैठक ठरली. नियम सरळ होता. दोर ओलांडणारा कायमचा बाहेर, मग तो कुणी का असेना. पळवाट एकच, समोर धोका होता असं सिद्ध झालं तर माफ.

त्याच गुरुवारी दुपारी मी ते रिव्हॉल्वर घरी उघडलं. नवा घोडा मागवायचा तर कोणत्या मापाचा, ते बघायला. मोडका घोडा हातात आला, शेपटी तुटली होती, खाचा मात्र जशाच्या तशा होत्या. मी तो उन्हात धरला. अर्ध्याच्या खाचेची कड पाच बारांत वाकून गोल झाली होती. मी कानस घेतली. पाणी दिलेल्या लोखंडावरून कानस घसरते, मऊ लोखंडाला खाते, हे पोराटोरांना ठाऊक आहे. घोड्याच्या बाजूवर फिरवली, घसरली. खाचेवर टेकवली आणि नुसती ढकलली. चीजमध्ये सुरी जावी तशी गेली. मला जनेलची डावी मूठ आठवली, नळीच्या तोंडावर आवळलेली. पुढच्या फेरीत पाच घरं भरलेली असती आणि टोप्या बसवताना घोडा त्या गोल झालेल्या कडेवर टेकलेला असता. 

मग हात धुतले, घोडा शर्टाच्या खिशात टाकला आणि बैठकीला गेलो. जाताना खरंच वाटत होतं की दाखवणार. दारात जनेल उभी होती, सगळ्यांना सांगत होती, "माझ्या डॅडींनी तीन रविवार घातले हो त्याच्यावर!" लोक माझ्या पाठीवर थोपटत होते. मी खुर्चीत बसलो आणि मिठाची गुळणी धरली.

होबर्टने नियम वाचला. मग म्हणाला, "ऑर्फाबाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. ओथाचा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं.

"घोडा कुठाय, डॉइल?"

माझ्या खिशात होता. छातीला टोचत होता.

"भंगारात टाकला," मी म्हटलं.

"टाकलास."

"मोडक्या घोड्याचं काय लोणचं घालू?"

दोघं हसले. ती अजून जराशी उभी राहिली, एखादा पायरीवर घसरला तर तो उठेपर्यंत थांबावं तशी. मी उठलो नाही. मग हात वर झाले. होबर्टचा सर्वांत शेवटी झाला, पण झाला.

"टेबल घरी पोचवू का, बाई?" त्याने विचारलं.

"राहू दे. सँडविच खायला होईल."

एवढं बोलून ती गेली. मैदानावर परत कधी आली नाही. कुणाचं रिव्हॉल्वर हातात घेतलं नाही. लोक घरी जाऊन विनवायचे, ती कोंबड्यांमधून म्हणायची, "मला दोर ओलांडायची खोड आहे, माझ्या नादी लागू नका." असं नऊ वर्षं. टेबलावर सँडविचं खाल्ली आम्ही, खरंच खाल्ली.

जनेलला नवा घोडा आणला. त्याच्या खाचेला मी दगडाचा वारासुद्धा लागू दिला नाही, कमानच पातळ केली, महिनाभर, केसाकेसाने. कुणी विचारलं नाही की डॉइल, एवढा धीर तुला कधीपासून? जनेल तालुक्यात पहिली यायला लागली. दुकानात ऑर्फा दिसली की ती आपली ढकलगाडी वळवून दुसऱ्या रांगेत जायची. एकदा तिच्या तोंडावर म्हणाली, "मोडायला काही घेताय का आज?" ऑर्फाने पिठाची पिशवी उचलली आणि निघून गेली. मी मागेच उभा होतो. मी दुधाच्या बाटल्यांवरची तारीख वाचत होतो.

गेल्या वसंतात जनेलने स्वतःसाठी दुसरं रिव्हॉल्वर घेतलं. म्हणाली, या खेपेला मीच करणार गुळगुळीत, तुम्ही फक्त बसा. माझ्याच टेबलावर सुटं केलं, रॉकेल, काजळी, सगळं झकास. मी शेंगा सोलत होतो. मग ती म्हणाली, "चाप जरा जडच आहे. खाचेला थोडा दगड मारू का?"

"हात लावू नकोस!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेंगांची परात खाली पडली. 

"का हो, डॅडी?"

"नाही लावायचा म्हणून."

"हे तर ती म्हातारी म्हणायची." मग ती थांबली. माझी पोर मठ्ठ नाही, आईवर गेलीय. "तुम्ही लावला होतात."

 उठलो, खोलीतून सिगारचा जुना डबा आणला, त्यातला घोडा तिच्यासमोर ठेवला. तिने आधी खाचेची गोल झालेली कड बघितली. मग कानस उचलली. बाजूवर घसरली. खाचेत रुतली. तिने कानस अगदी हळू खाली ठेवली.

"हे तुम्हाला कधी समजलं?"

"त्या गुरुवारी."

"बैठकीच्या आधी की नंतर?"

"आधी," मी म्हटलं.

ती तशीच उठली, हाताला काजळी तशीच, आणि गाडी घेऊन ऑर्फाकडे गेली. पुढचं तिने सांगितलं तसं सांगतो. कोंबड्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. ऑर्फा जाळीच्या दारामागे येऊन उभी राहिली, दार उघडलं नाही. जनेल बोलायला गेली, रडायलाच लागली.

"रडू नकोस माझ्या पायरीवर," ऑर्फा म्हणाली. "डावा हात दाखव."

जनेलने हात जाळीला लावला. म्हातारीने चष्मा वर करून पाहिला, बोटं मोजल्यासारखं.

"पाचही आहेत. मग माझं काम झालं. जा आता."

आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं.

जनेलने हे मला आमच्या फाटकाबाहेर सांगितलं, गाडी बंद न करता. मी म्हटलं, आत ये, शेंगा शिजल्यात. ती म्हणाली, भूक नाही, आणि गाडी वळवली. त्याला आता चार महिने झाले.